चार सेकंदांची मजा आणि म्हैसमाळचा घाट

प्रश्न विचारणारा मुलगा आपल्याच शहरातला, छत्रपती संभाजीनगरचा. वय सव्वीस, वाळूजला कंपनीत नोकरी, घरात वडिलांची अल्टो के१०, आणि महिन्यातून दोनदा अंबाजोगाईजवळच्या गावी चक्कर. त्याचं म्हणणं असं: "मिस्त्री, अल्टोत काही दम नाही. एकशे साठ एचपीची टर्बो पेट्रोल एसयूव्ही बघून आलोय. हप्ता निम्मा पगार खातो. पण चालवायला मजा येणार असेल तर घेऊन टाकतो. जास्त पॉवरच्या गाडीत खरंच जास्त मजा असते का?"

असते. पहिले पंधरा दिवस.

आता सविस्तर. गॅरेज टाकून मला सत्तावीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात काम झालं की ट्रायल मारावीच लागते, त्यामुळं ज्या गाड्या आयुष्यात स्वतःच्या पैशानं घेतल्या नसत्या त्याही हाताखालून गेल्या. सकाळी मारुती ८००, दुपारी फॉर्च्युनर, संध्याकाळी कुणाची तरी जर्मन गाडी, आणि तिन्ही एकाच रस्त्यावर, त्याच खड्ड्यांतून.

आधी तुझ्या अल्टोची बाजू मांडू दे, कारण तिला तू उगीच मेलेली ठरवलीस. के१० चं इंजिन ९९८ सीसीचं, ६८ एचपीचं. रिकामी गाडी भरते साधारण साडेसातशे किलो. भागाकार केला तर टनाला नव्वद एचपी. आता फॉर्च्युनर घे. २.८ लिटर डिझेल, २०४ एचपी, आणि वजन दोन टनांच्या वर. तिचा भागाकार येतो पंच्याण्णवच्या आसपास. म्हणजे ज्या गाडीला रस्त्यावर लोक बाजूला सरकून जागा देतात, तिच्यात आणि तुझ्या वडिलांच्या अल्टोत वजनामागं ताकदीचा फरक पाच-सात एचपीचा.

मग फॉर्च्युनर ओढते कशी? तिची ओढ खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, हजर असते. ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाय ठेवला की पाठ सीटला टेकते. अल्टोचं इंजिन तसं नाही, त्याला फिरवावं लागतं. साडेतीन हजारांच्या खाली ते झोपेत असतं. तू चौथ्या गेअरात चाळीसच्या स्पीडला रेस दाबत असणार, गाडी ढिम्म हलत नसणार, आणि मग म्हणणार दम नाही. ॲव्हरेजच्या नादानं आपल्याकडं सगळ्यांना घाईघाईनं वरचा गेअर टाकायची सवय. माझं तर मत आहे की लहान गाडी घेणाऱ्या दहातल्या आठांनी आपल्या इंजिनाची वरची निम्मी ताकद कधी बघितलेलीच नसते. रस्ता मोकळा असेल तेव्हा एकदा दुसऱ्यात, तिसऱ्यात इंजिनाला बोलू दे. घाबरू नकोस, इंजिन गरम झालेलं आणि ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर त्याला काही होत नाही.

माझी स्वतःची गाडी चालवण्यातली सगळ्यात मोठी मजा सदतीस एचपीची आहे. १९९६ साल, मी तेव्हा वस्तादांच्या हाताखाली. खुलताबादच्या एका गुरुजींची ८०० कामाला आली होती, जुनी, कार्बोरेटरची, चार गेअरची. काम झालं आणि वस्ताद म्हणाले, चल, गाडी पोचवून येऊ, पण आधी म्हैसमाळला जाऊ. श्रावणातली सकाळ, रस्ता ओला, वर ढग उतरलेले. मी स्टेअरिंगवर, वस्ताद शेजारी, त्यांच्या हातात चौदा-पंधराचा पाना.

खुलताबाद सोडलं की चढ लागतो. त्या गाडीचं वजन साडेसहाशे किलो, चाकं बारा इंचांची, पॉवर स्टेअरिंग नाही. पहिल्या वळणाला मी आपला सवयीप्रमाणं वळणात शिरून ब्रेक दाबला. टप्पकन मांडीवर पाना. "आधी. वळणाच्या आधी." पुढच्या वळणाला आधी दाबला, पण जरा जास्तच. गाडी मेली, दुसऱ्यातून पहिल्यात यावं लागलं, आणि चढाला तिला परत वेगात आणायला पुढची शंभर पावलं गेली. पुन्हा पाना. सदतीस एचपीच्या गाडीत ही शिक्षा लगेच मिळते. वेग एकदा हातचा गेला की गाडी तो उधारीवर परत देत नाही. म्हणून तो सांभाळायला शिकावं लागतं. वळण दिसायच्या आधी त्याचा अंदाज, ब्रेक हलका, गेअर दुसरा तयार, गाडी बाहेरच्या अंगाला कलते तशी आपली मान आत, स्टेअरिंगमधून पुढच्या डाव्या टायरची कुरकुर हाताला कळते, आणि वळण उघडलं की रेस पूर्ण. पूर्ण म्हणजे फरशीपर्यंत. वर गिरिजादेवीच्या देवळाजवळ पोचेपर्यंत पान्याचे फटके थांबले होते. माझा शर्ट घामानं ओला, हात थरथरत होते. आणि त्या सगळ्या घाटात स्पीडोमीटरचा काटा पन्नासच्या वर गेला नव्हता.

आता दुसरी ट्रायल ऐक. जालन्याच्या एका स्टीलवाल्याची जर्मन सेडान, अडीचशे एचपीच्या घरातली. ब्रेक पॅड बदलले आणि केंब्रिज चौकातून करमाडच्या दिशेनं काढली. रस्ता मोकळा दिसला, साठवर होतो, पाय दाबला. काय सांगू. पोटात लिफ्ट सुटल्यासारखं होतं. डोळ्यांसमोरचा रस्ता आखडतो आणि काटा शंभरी कधी ओलांडतो कळत नाही. खोटं कशाला बोलू, मी एकटाच गाडीत मोठ्यानं हसलो. चार सेकंद. पाचव्या सेकंदाला समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आणि सगळं बळ ब्रेकवर. मग परत साठ. परत मोकळा रस्ता, परत चार सेकंद, आणि या वेळी पुढं रिक्षा. शेंद्र्यापर्यंत असंच. येताना मी दाबलंच नाही. चालवायला उरलंच काय होतं? गेअर ती स्वतः टाकते, वळणं तिला समजतच नाहीत, साठचा वेग म्हणजे तिच्यासाठी उभं राहणं. तिची खरी मजा सुरू होते तिथं आपला रस्ता, कायदा आणि अक्कल तिन्ही संपलेले असतात.

इथंच मला जे सांगायचंय ते आहे. मजा गाडीत किती ताकद आहे यावर नसते, त्यातली किती तू रोज वापरू शकतोस यावर असते. गुरुजींची मारुती मी घाटात शंभर टक्के वापरली. ती सेडान वीस टक्केसुद्धा नाही.

तू म्हणशील, समृद्धी महामार्ग आहे ना आता. आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा जोडला गेल्यावर मुंबईच्या दारापर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. कारला सपाटीवर मर्यादा १२० ची. मी त्यावर ताकदवान गाड्या नेल्यात. सावंगीहून चढलो, १२० लावला, आणि जालना यायच्या आत जांभया. एवढी मोठी गाडी १२० ला इतकी शांत असते की डोळे आपोआप मिटायला लागतात. अल्टोत उलटं. १२० ला ती किंचाळते, आडवा वारा आला की लेन बदलते. त्यात मजा नाही, भीती आहे, म्हणून लहान गाडीनं समृद्धीवर नव्वद-शंभर धरून डावीकडून जावं. तो रस्ता पोचण्यासाठी चांगला आहे. चालवण्याच्या मजेसाठी त्याच्याकडं बघू नकोस. आणि चढण्याआधी टायरची हवा बघ, त्या तापलेल्या काँक्रीटवर म्हातारे टायर टिकत नाहीत.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लहान गाडीला सपाट रस्त्यावर शंभरनं नुसतं चालत राहायला वीसेक एचपी पुरतात. बाकीची ताकद वेग वाढवायला, चढायला आणि वाऱ्याशी भांडायला. आणि वाऱ्याचा हिशोब दुष्ट आहे: वेग दुप्पट केला तर वारा कापायला आठपट ताकद लागते. म्हणजे दीडशे-दोनशे एचपीतला मोठा वाटा अशा वेगासाठी असतो जो आपल्या रस्त्यावर करायचाच नाही. ब्रेकचा हिशोबही लक्षात ठेव. साठऐवजी १२० वरून थांबायचं तर ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते. कंपनीतून आलेल्या ताकदवान गाडीला त्या मापाचे ब्रेक असतात, म्हणून मूळ गाडीची पॉवर बाहेरून वाढवणाऱ्यांचा मला राग येतो. त्याबद्दल पुढं सांगतो.

आता मोठ्या पॉवरची बाजू. ती मी दडवणार नाही, कारण एकदा ती नसल्यामुळं मी चांगला भाजलोय.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात जळगावहून लग्न उरकून येत होतो. लहान हॅचबॅक, आम्ही पाच जण, डिक्कीत आहेराची भांडी, बाहेर बेचाळीस डिग्री. चाळीसगाव सोडलं आणि औट्रम घाट लागला. पुढं कांद्याचा ट्रक, माणूस चालेल त्या वेगानं. ओव्हरटेकला जागा मिळायची, पण गाडी ओढायचीच नाही. पहिला गेअर, इंजिन बोंबलतंय, टेम्परेचरचा काटा वर. शेवटी एसी बंद केला, काचा खाली. मागून मेहुणी म्हणाली, "दाजी, उतरून ढकलू का?" कन्नड येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही.

काय झालं होतं ते गणितानंच सांगतो. तुझ्या अल्टोत पाच माणसं बसली, म्हणजे साडेतीनशे किलो वाढले. आता गाडी अकराशे किलोची, आणि टनाला नव्वदचे झाले बासष्ट. फॉर्च्युनरमध्ये तीच माणसं बसली तर पंच्याण्णवचे ऐंशीच्या वर राहतात. हलक्या गाडीची ताकद माणसं खातात. शिवाय ऊन. तापलेली हवा विरळ असते, बेचाळीस डिग्रीला ती पंधरा डिग्रीच्या मानानं आठ-नऊ टक्के पातळ. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, त्याचे आणखी पाचेक टक्के. साध्या इंजिनाला टर्बो नसतो, ते जेवढी हवा मिळेल तेवढंच काम करतं. वर एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार एचपी घेतो. मराठवाड्यात मे महिन्यात भरलेल्या लहान गाडीचे कागदावरचे ६८ एचपी प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न उरतात. टर्बोला हे नुकसान बरंच कमी होतं, कारण तो हवा दाबून आत कोंबतो.

आणि ओव्हरटेक. तू अंबाजोगाईला जातोस, केजच्या पुढं ऊसतोडीच्या दिवसांत काय चालतं ते तुला सांगायला नको. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पुढं टेपवर गाणी जोरात. तिथं चाळीसवरून ऐंशीवर निम्म्या वेळात जाणारी गाडी असेल तर समोरच्या लेनमध्ये तू बराच कमी वेळ असतोस. याला मी मजा म्हणणार नाही, पण हायसं वाटणं म्हणेन, आणि दोनशे किलोमीटर जायचं असेल तर ते कमी महत्त्वाचं नाही. फक्त समोरचं दिसत नसेल तर दोनशे एचपीही कामाचे नाहीत. ताकदवान गाडीवाले याच ठिकाणी चुकतात, कारण गाडी त्यांना "जमेल, जमेल" म्हणत राहते.

आता तो पॉवर वाढवणारा मुलगा. तुझ्याच वयाचा, स्विफ्ट डिझेल, १.३ लिटर, ७५ एचपीची. त्या इंजिनाचा स्वभाव माहीत असेल: दोन हजार आरपीएमखाली काही नाही, आणि मग टर्बो जागा झाला की एकदम धक्का. त्या धक्क्याची याला चटक लागली. कुठल्याशा ट्यूनिंगवाल्याकडून लॅपटॉप लावून मॅप मारून आणला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून. दीड महिन्यात क्लच प्लेट जळाली. माझ्याकडं आला तेव्हा म्हणत होता, पॉवर वाढली पण मजा येत नाही, जोरात रेस दिली की स्टेअरिंग हातातून हिसका मारतं. गाडी वर घेतली. खालच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, फाटलेले, मागचा एक शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) गळतोय, टायर दोन एका कंपनीचे नि दोन दुसऱ्या, चारही सात वर्षांचे. टायरच्या अंगावर चार आकडे एकत्र कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तू तुझे आजच बघ.

मी म्हणालो, मॅप जुना होता तसा करून घे, बाकी मी बघतो. बुश, शॉकप, चार टायर, अलाइनमेंट, ब्रेक ऑइल. ऑइल काढलं तर चहासारखं काळपट. पैसे दिले, गाडी घेऊन गेला, आणि अर्ध्या तासात परत आला. मला वाटलं काही राहिलं. "मिस्त्री, ही माझीच गाडी आहे ना?" पॉवर पहिल्यापेक्षा वीस एचपीनं कमी झाली होती.

आपल्याकडं हे जास्तच खरं आहे, कारण आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं. तालुक्याच्या रस्त्यांवर लाटा पडलेल्या दिसतात ना, त्यांचं कारण बऱ्याचदा तेच. त्या लाटांवर उंच, जड गाडी ऐंशीला नावेसारखी डोलते, मागच्या सीटवरची माणसं पिशवी मागतात. चांगल्या बुशची, ताज्या शॉकपची लहान गाडी तिथं एका जागी बसून चालते. शोरूममध्ये याबद्दल कुणी बोलत नाही, कारण एचपीचा आकडा सांगता येतो आणि स्टेअरिंगमधून हाताला काय कळतं ते सांगता येत नाही.

आपलं शहर तसं मोठ्या गाड्यांना नवखं नाही. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. त्यातली पहिली ऑक्टाव्हिया, १.९ लिटर डिझेल, फक्त नव्वद एचपी, आणि तरी ज्यांनी ती चालवली ते अजून तिची आठवण काढतात. तिचं दार बंद व्हायचा आवाजसुद्धा. ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या लोकांनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, देशभर बातमी झाली. त्यातल्या तीन-चार पुढं सेकंडहँड होऊन माझ्याकडं आल्या. किलोमीटर कमी, मागची सीट झिजलेली, ड्रायव्हरची बाजू मालकाच्या मापाची कधी केलेलीच नाही. मालक मागं बसायचे. मिरवण्याचीही मजा असते आणि मी तिला नावं ठेवत नाही. फक्त ती हवी असेल तर मजा चालवण्यात शोधू नकोस, आणि मग एचपीऐवजी बंपरचं तोंड बघून घे.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. मी तीन-चार चालवल्या. सिग्नलवरून सुटताना जी ओढ आहे तिला पेट्रोलमध्ये जोड नाही, पहिल्या इंचापासून सगळा टॉर्क. जालना रोडच्या सिग्नलांमध्ये ती मजा रोज मिळते, हे कबूल. पण गेअर नाही, आवाज नाही, बॅटरीचं वजन भरपूर, आणि म्हैसमाळच्या वळणांवर ते वजन जाणवतं. माझ्या वयाला करमत नाही, तुझ्या वयाचं मला माहीत नाही.

तर तुझ्यासाठी. एकशे साठ एचपीची घेऊ नकोस. गाडी वाईट आहे म्हणून नाही. निम्मा पगार हप्त्यात गेला की तू पेट्रोल मोजून टाकशील, टायर वेळेवर बदलणार नाहीस, आणि ओरखडा पडेल म्हणून गावी एसटीनं जाशील. असे मी पाहिलेत. घरात माणसं जास्त असतील आणि गाडी बदलायचीच असेल, तर एका टनाच्या आसपास वजन, शंभर एचपीच्या आसपास ताकद, एक लिटर टर्बो असं काहीतरी बघ. भरलेल्या गाडीतही टनाला सत्तरच्या वर राहील, घाटात लाज जाणार नाही. शोरूमवाला ट्रायलला सरळ रस्त्यावर नेईल. त्याला म्हण, चार माणसं बसवून आणि एसी लावून दौलताबादच्या चढावर न्यायचीय. वेशीच्या कमानीतून मोठी एसयूव्ही काढताना आरसे वाचवायचे की समोरची बस बघायची, तेही तिथंच कळेल.

पण बुकिंग करण्याआधी एक काम कर. रविवारी सकाळी सहाला अल्टो घेऊन गॅरेजवर ये. बुश आणि टायर मी आदल्या रात्री बघून ठेवले असते तर बरं झालं असतं, पण चालेल, हवा तरी बघू. एकटाच ये, मागं कुणी नको. म्हैसमाळला जाऊन साडेआठला परत. पाना माझ्याकडं अजून तोच आहे.